उद्याच्या तारखेचे कागद

सकाळी ६.१५

दूध तापायला ठेवलं आणि मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडलं. उद्याच्या प्रकरणाचा सीएनआर नंबर आता पाठ झाला आहे, सोळाच्या सोळा अक्षरं-आकडे. तारीख उद्याचीच दिसते आहे. कोर्ट रजेवर असेल तर तारीख पुढे जाते, म्हणून आदल्या दिवशी सकाळी पाहून घेते.

उद्या साक्षीपुरावा नाही, युक्तिवादही नाही. दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं पुरी आली का, समुपदेशकांचा अहवाल लागला का, अंतरिम पोटगीचा अर्ज युक्तिवादाला घेता येईल का, एवढंच कोर्ट पाहणार. पाच-सात मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांत आपलेच कागद अपुरे निघाले, तर पुढची तारीख महिना-दीड महिन्याने पडते. तेवढे दिवस माझी पक्षकार आणि तिची सात वर्षांची मुलगी भावाच्या ताटात जेवणार. त्यामुळे आजचा दिवस फक्त या कागदांचा, असं मी आठवड्यापूर्वीच डायरीत लिहून ठेवलं होतं.

ती माझ्याकडे विधी सेवा प्राधिकरणाकडून आली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. स्त्री असणं पुरेसं आहे. हे अजूनही कितीतरी जणींना ठाऊक नसतं. दागिना गहाण ठेवून वकिलाची फी भरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. हिनेही आधी तेच केलं होतं. त्या पहिल्या वकिलांनी दाखल केलेलं प्रतिज्ञापत्र दोन पानांचं होतं आणि त्यात बहुतेक रकान्यांपुढे एकच शब्द होता : निरंक. कोर्टाने ते पाहिलं आणि सविस्तर प्रतिज्ञापत्र द्या, असं रोजनाम्यात लिहिलं.

सकाळी ८.००

नारायण पेठेतलं ऑफिस. ज्युनियर माझ्या आधी येऊन बसली आहे. तिने कोरा नमुना छापून ठेवला आहे, मराठीतला.

या नमुन्याची हकिकत मी प्रत्येक नव्या ज्युनियरला सांगते, कारण ती आपल्याकडचीच आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ साली एका पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि तिच्या मुलाला वेगळी रक्कम, अशी अंतरिम पोटगी दिली. अंतरिम म्हणजे खटला चालू असताना घर चालावं म्हणून. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. रजनीश विरुद्ध नेहा. तोवर सात वर्षं उलटली होती. एवढा उशीर का होतो, तर नवरा उत्पन्न कमी दाखवतो, बायको गरज वाढवून सांगते आणि न्यायाधीशांना दोहोंच्या मध्ये अंदाज बांधावा लागतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी एक नमुना ठरवून दिला. दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं आणि खर्च शपथेवर मांडायचे. सामनेवाल्याला चार आठवडे, आणि मुदतवाढ मागायच्या संधी दोनच. पोटगी अर्जाच्या तारखेपासून.

कोर्टाच्या आवारात सगळे याला अ‍ॅसेट्स-लायबिलिटीजचं अ‍ॅफिडेव्हिट म्हणतात. मूळ नमुना इंग्रजीत आहे. इंग्रजीत भरून खाली ‘मराठीत समजावून सांगितले’ अशी ओळ टाकणं सोपं असतं. मी ते करत नाही. शपथ पक्षकाराची आहे. जे तिला स्वतः वाचता येत नाही त्याखाली तिने सही करू नये, हा माझा आग्रह आहे.

सकाळी ८.४५

ती आली. बरोबर भाऊ. नऱ्ह्याहून दोन बस बदलून आलेत. हातात साडीच्या दुकानाची जाड पिशवी आणि तिच्यात सगळं आयुष्य कोंबलेलं : मुलीचा जन्मदाखला, लग्नपत्रिका, आधार, शाळेच्या पावत्या, सराफाची पिवळी पडलेली बिलं, दवाखान्याचे कागद, पासबुक.

टेबल मोकळं केलं आणि चार ढीग लावले. एक तिचा, एक मुलीचा, एक लग्नाचा, एक नवऱ्याबद्दलचा. आधारच्या झेरॉक्सवर पहिले आठ आकडे झाकून घेतले. पहिलं पान पंधरा मिनिटांत भरून झालं : नाव, वय, शिक्षण बारावी, लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख. या शेवटच्या तारखेपाशी ती थांबली. ‘मॅडम, घरातून बाहेर काढलं ती तारीख लिहायची, की दादाने परत नेऊन सोडलं आणि मी पुन्हा आले ती?’ मी दोन्ही लिहून घेतल्या. कोर्टाला दोन्ही कळायला हव्यात.

सकाळी ९.३०

मासिक खर्चाचा रकाना. या एका रकान्यासाठी मी नेहमी तासभर राखून ठेवते.

तिने घरून यादी करून आणली होती, मुलीच्या वहीच्या मधल्या पानावर, पेन्सिलने. शाळेची फी २,५००. व्हॅन १,४००. दूध १,८००. शिकवणी ६००. वहिनीकडे किराण्याला ३,०००. खाली रेघ मारून बेरीज : ९,३००.

‘आणि तुझं?’

‘माझं काय, मॅडम?’

मी हे उत्तर आजवर इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याची मला सवय व्हायला हवी होती, पण दर वेळी ते लागतंच. पंचवीस वर्षांची मुलगी असो, पन्नाशीची बाई असो, खर्च सांग म्हटलं की मुलांचा सांगते, सासऱ्याच्या औषधाचा सांगते, स्वतःचा सांगतच नाही. पुढे उलटतपासणीत तिचीच यादी तिच्यापुढे धरतात आणि विचारतात, तुमचा स्वतःचा खर्च शून्य आहे ना, मग पोटगी कशाला?

मग मी सरळ विचारत नाही, आडून विचारते. पायात चप्पल आहे ती कधी घेतलीस? दादाने दिवाळीला आणली. गोळ्या कसल्या चालू आहेत? थायरॉइडच्या. दर महिन्याला घेतेस? पैसे असले तर. रक्त कधी तपासलंस? गेल्या वर्षी. पॅड कोण आणतं? इथे ती भावाकडे बघून गप्प झाली. भाऊ समजूतदार, चहा सांगून येतो म्हणून उठला. मग सगळं आलं. गोळ्या आणि तपासणी मिळून महिन्याला ४५०. पॅड, साबण, तेल ४००. मोबाइलचं रिचार्ज ३००. बस ९००. दोघींचे कपडे-चपला सरासरी ७००. मुलीचं दुखलं-खुपलं ५००. गणवेश आणि वह्या-पुस्तकं वर्षाला ७,२००, म्हणजे महिन्याला ६००. भावाच्या घरातल्या लाइट आणि गॅसमधला वाटा ९००. ज्युनियरने बेरीज वाचून दाखवली : १४,०५०.

‘एवढा होतो?’ ती म्हणाली. आवाजात अपराध केल्यासारखं काहीतरी होतं. मी तिला म्हटलं, ‘यात एक रुपयाही जास्त नाही. ज्याची पावती आहे ती जोडू, ज्याची नाही तिथे अंदाजे असं लिहू.’

सकाळी १०.३०

उत्पन्नाचा रकाना, आणि दिवसातली खरी अडचण.

‘नाही लिहा,’ ती म्हणाली. चहा घेऊन परत आलेल्या भावाने मान डोलावली. पासबुक माझ्या समोरच होतं. मी एक पान उघडून तिच्याकडे फिरवलं. यूपीआयने आलेले १००, १००, २००, १००. पानभर.

ती फॉल-पिको करते. भावाच्या घराच्या गॅलरीत मशीन आहे. साडीमागे शंभर रुपये.

‘मॅडम, हे लिहायलाच पाहिजे का?’ भाऊ म्हणाला. ‘चार पैसे येतात ते लिहिले तर कोर्ट म्हणेल, कमावते आहे, पोटगी कशाला. आणि न लिहिलं तर त्यांच्या वकिलाला कसं कळणार?’

‘दादा, तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट आपणच जोडणार आहोत. नमुन्यातच मागितलंय.’

त्याचा राग मला समजतो. बहिणीसाठी त्याला भीती वाटते आहे. म्हणून मी दोघांनाही नीट बसवून सांगितलं. बायको थोडंफार कमावते म्हणून तिचा पोटगीचा हक्क जात नाही, हे त्याच रजनीश-नेहाच्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. लग्नाच्या घरी जसं राहत होती तसं राहायला ती कमाई पुरते का, हे कोर्ट बघतं. चार-साडेचार हजारांत दोन जीव जगत नाहीत, हे सांगायला वकीलही लागत नाही. पण हेच चार हजार लपवले आणि सापडले, तर मग चौदा हजारांच्या खर्चावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय खोट्या शपथेची कारवाई होऊ शकते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा आधार आपलं खरेपण आहे. तेच सोडलं तर माझ्या हातात काय उरतं?

ती बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिली. मग ज्युनियरकडून पेन्सिल मागून घेतली आणि कुठली नोंद फॉल-पिकोची आणि कुठली वहिनीने उसने परत केलेले, अशा खुणा स्वतःच करायला लागली.

सकाळी ११.२०

शिवाजीनगर. तिला आणि ज्युनियरला ऑफिसमध्ये बेरजांवर बसवून मी कोर्टात आले, कारण बोर्डावर माझी दुसरी दोन प्रकरणं होती. एकात समझोत्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली.

दुसऱ्यात सामनेवाला पुरंदरचा शेतकरी. त्याने शेतीचा नमुना भरून आणला होता. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, आणि तो ज्याने केला त्याला गावाकडचं माहीत असणार. जमीन बागायत की जिरायत, पिकं कोणती, वाट्याने घेतली-दिली आहे का, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, मधमाश्या पाळता का, इथपर्यंत विचारलेलं आहे. सामनेवाल्याने सातबारा जोडला होता, आठ-अ नव्हता. एका गटातली जमीन दाखवली आणि बाकीचे गट राहिले, की राखून ठेवले, ते आठ-अ पाहिल्याशिवाय कळत नाही. तो मागणारा अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला.

बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई हातात स्टँप पेपर घेऊन बसली होती. कोणीतरी तिला सांगितलेलं, प्रतिज्ञापत्र यावरच लागतं. महाराष्ट्रात कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. हे कोर्टाच्या प्रत्येक जिन्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तिला सांगितलं. पैसे तर गेलेच होते.

दुपारी १.४५

ऑफिसमध्ये परत. डबा खाता खाता हिशेब पाहिला. बारा महिन्यांत फॉल-पिकोचे यूपीआयने आलेले ४३,६८०, म्हणजे महिन्याला ३,६४०. ‘रोख किती येतात?’ असं विचारल्यावर तिने या वेळी लगेच सांगितलं, ‘हजाराच्या आसपास.’ लिहिलं : सुमारे ४,६००.

स्टेटमेंटमध्ये मधल्या तीन महिन्यांची पानं नाहीत. बँकेत विचारलं तर उद्या या म्हणाले. उद्या उशीर होईल, म्हणून ज्युनियर तिला घेऊन शाखेत गेली आणि कोर्टाची तारीख दाखवून चाळीस मिनिटं काउंटरपाशी उभी राहिली. पानं मिळाली.

दुपारी २.४५

दागिने. तिच्या डोक्यात सगळं तोळ्यात आहे, नमुन्यात मी ग्रॅममध्ये लिहिते. आजीच्या तोंडचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाच्या दुकानातला १० ग्रॅमचा आणि लग्नाच्या बोलणीतला बहुतेक वेळा मनातला. ‘पाच तोळ्यांचं गंठण,’ ती म्हणाली. बिल उजेडात धरून वाचलं : ४६.३०० ग्रॅम. तीन आकडे पुसट झाले होते, भिंगाने पाहिले. बिलावर तिच्या वडिलांचं नाव. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तिने ते बिल माझ्या हातातून घेतलं, नावावरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

पाटल्यांची पावती नाही. लग्नाच्या फोटोत त्या दिसतात, म्हणून फोटो जोडला आणि वजनापुढे ‘अंदाजे’ लिहिलं. ताबा कोणाकडे? सामनेवाल्याच्या लॉकरमध्ये. लॉकर कुठल्या बँकेत, तेही विचारलं. स्त्रीधन तिचं आहे, लॉकर कोणाच्याही नावावर असो.

दुपारी ३.४०

नमुन्यात एक भाग असा आहे की जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. बायका म्हणतात, मला काहीच माहीत नाही, ते कधी सांगायचेच नाहीत. पण घर चालवणाऱ्या बाईला पुष्कळ माहीत असतं. चाकणला कंपनी, बसचा थांबा कुठला, शिफ्ट कोणती, दिवाळीला बोनस कधी येतो, गाडीचा हप्ता कोणत्या तारखेला कापला जातो. मी विचारत गेले, ती सांगत गेली, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती तुला कशी कळली तेही लिहून घेतलं. कोर्टासाठी हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

त्याने उत्तरी नोटिशीत पगार २२,००० सांगितला आहे. हिच्या फोनमध्ये त्याचाच जुना व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे : या महिन्यात ओटी धरून ४८ आले. नुसती प्रिंट देऊन भागत नाही. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचे आता दोन भाग आहेत, एक फोन वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसकट. भाग अ भरला. भाग ब साठी तज्ज्ञाची वेळ परवाची मिळाली. म्हणून उद्या मेसेजचा उल्लेख करायचा आणि प्रमाणपत्रासह प्रिंट देण्याची परवानगी मागायची. तिला मी तीनदा बजावलं : फोन बदलायचा नाही, मेसेज पुसायचा नाही, फॉरमॅट तर मुळीच नाही.

संध्याकाळी ५.००

झेरॉक्स. चार संच : कोर्ट, सामनेवाला, ऑफिस, आणि एक तिचा. चौथा संच मी आवर्जून करते. स्वतःच्या प्रकरणाचे कागद स्वतःकडे नसलेली पक्षकार दर तारखेला परक्यासारखी उभी राहते.

अनुक्रमणिका, कागदांची यादी, प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’. पानांना नंबर पेन्सिलने. एकूण ६१. आधी शाईने टाकत होते, पण शेवटच्या क्षणी एखादं पान वाढतं आणि मग खाडाखोड दिसते.

संध्याकाळी ६.३०

वाचन. तिने वाचायचं, मोठ्याने, पहिल्यापासून. भाऊ बाहेर बाकावर. सुरुवातीला अडखळली. खर्चाच्या पानावर आवाज स्थिर झाला. ‘थायरॉइडच्या गोळ्या व तपासणी, ४५० रुपये,’ हे तिने नीट, प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं.

शेवटची घोषणाही तिनेच वाचली : माझं उत्पन्न, खर्च, मालमत्ता, दायित्व मी पूर्ण आणि खरं सांगितलं आहे, यात काही बदल झाला तर ताबडतोब कोर्टाला कळवीन.

‘सही कुठल्या नावाने करू? माहेरच्या का सासरच्या?’

‘अर्जावर जे नाव आहे त्याच.’ अर्ज सासरच्या नावाने आहे, आधारही तसंच. तिने मान हलवली. सही उद्या सकाळी साडेदहाला कोर्टात, शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, प्रत्येक पानावर करायची. ओळख पटवणारी सही माझी. मूळ आधार आणायला सांगितलं. मुलीला शाळेतून कोण आणणार ते विचारलं. वहिनी आणणार.

रात्री ९.१०

ताटावर बसले होते, तिचा फोन आला.

‘मॅडम, झोपला नव्हता ना? एक राहिलं. दुपारपासून डोक्यात होतं, तिथे आठवेना. माझा बचत गट आहे.’

‘किती भरतेस?’

‘महिन्याला दोनशे. सत्तावन्न महिने झाले. वही बघितली आत्ता, ११,४०० आहेत माझ्या नावावर. आणि मशीनच्या मोटरला गटातून पाच हजार उचललेले, त्यातले दोन हजार द्यायचे राहिलेत. दादा म्हणाला एवढंसं कशाला सांगतेस. मी म्हटलं, मॅडमना सांगते.’

मी तिला वहीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. हात धुऊन लॅपटॉप उघडला. ११,४०० मालमत्तेत, २,००० दायित्वांत. दोन पानं पुन्हा छापली, वहीच्या फोटोंचं एक पान वाढलं. यादीत तो कागद चढवला. मग खोडरबर घेऊन चारही संचांत त्या पानापासून पुढचे सगळे नंबर पुसले आणि नव्याने घातले, ६२ पर्यंत.

सव्वाअकराला शेवटचा संच बांधला.